पापुद्रा, पोपडा आणि बट्टा



इतिहासावर बोलायचे म्हणजे राजे, लढाया आणि तह यांवर बोलायचे, असा एक समज आहे. मी आज एका रुपयावर बोलणार आहे, आणि तोही धड नसलेल्या रुपयावर. आमच्या घरात हा रुपया जर्मनच्या एका डब्यात, जुन्या पावत्यांच्या खाली, पुष्कळ वर्षे पडून होता. आजी त्याला ‘खोटा रुपया’ म्हणे आणि आम्हां पोरांना हात लावू देत नसे. रुपया निजामाच्या राज्यातला, हाली शिक्क्याचा. एका बाजूला चारमिनार आणि त्याच्या मधल्या दारात उस्मान अली खान यांच्या नावाचे ‘ऐन’ हे आद्याक्षर. दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर. पण चारमिनारचा डावीकडचा मिनार अर्धाच. ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेवरची चांदी सालपट निघावे तशी निघून गेलेली आणि खाली खडबडीत खळगा.

या खळग्याची हकीकत आजीकडून ऐकलेली. आजोबा कापूस वेचणीच्या दिवसांत पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात मजुरीला जात. तिकडे इंग्रजी अंमल. मजुरी कलदार रुपयांत मिळे. गावी परतल्यावर कलदार देऊन हाली घ्यायचे, कारण बाजार हालीचा. एका वर्षी सहा कलदार देऊन त्यांनी सात हाली घेतले. त्यांतला एक रुपया घेऊन ते बाजारात ज्वारी घ्यायला गेले. दुकानदाराने तो उलटसुलट केला, नखाने खरवडला आणि भरल्या बाजारात म्हणाला, “मजूर आता खोटे रुपये चालवायला लागले.” आजोबा ज्याच्याकडून रुपये बदलून घेतले होते त्याच्याकडे परत गेले. तो म्हणाला, “माझ्या हातून गेला तेव्हा चांगला होता.” रुपया गेला त्याचे दुःख होतेच, खोटेपणाचा आळ आला त्याचे अधिक. आजोबांनी तो रुपया मोडला नाही, फेकलाही नाही. डब्यात ठेवला.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या सभांत, रद्दीतल्या पुस्तकांत आणि सराफांच्या दुकानांतल्या बाकांवर झाले. पण या रुपयाने मला एक प्रश्न घालून दिला. धातूचा पदर सुटला, एवढ्यावरून नाणे खोटे ठरते काय? आणि ते कोणी ठरवायचे? या प्रश्नाच्या पाठीमागे लागलो, तेव्हा ध्यानात आले की निम्मी अडचण धातूची आहे आणि निम्मी शब्दांची. आपण पाच वेगवेगळ्या गोष्टींना ‘खोटे नाणे’ हे एकच नाव देतो, आणि एकाच नावाखाली चोर आणि साव दोघांनाही कोंडतो.

आधी धातूचे पाहू. नाणे यंत्रावर कसे बनते? चांदी आणि तांबे वितळवून त्याची लगड ओततात. ती लगड लाटण्यांमधून पुन्हापुन्हा काढून तिचा पट्टा करतात. पट्ट्यातून गोल चकत्या पाडतात, त्या तापवून मऊ करतात, साफ करतात आणि मग दोन ठशांमध्ये दाबतात. आता आपल्या घरातली भाकरी डोळ्यांपुढे आणा. तव्यावरून विस्तवावर टाकली की आत कोंडलेली वाफ वरचा पदर उचलते. त्याला आपण पापुद्रा म्हणतो. लगडीचेही असेच. ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला, राखेचा कण राहिला, धातूचा मळ नीट काढला गेला नाही, तर तो दोष लगडीबरोबरच लाटला जातो. बुडबुडा चपटा होतो, कण पसरतो, आणि पट्ट्याच्या पोटात एक अशी जागा तयार होते की तिथे वरचा थर खालच्या थराला चिकटलेलाच नसतो. वरून काही दिसत नाही. चकती पडते, ठसा उमटतो, रुपया चकाकत टाकसाळीबाहेर येतो. पुढे हातांतून हातांत जाता जाता, पेटीत आपटता आपटता, एके दिवशी तो पदर उचलतो आणि निघून जातो. भाकरीत आणि रुपयात फरक इतकाच की भाकरीचा पापुद्रा सुटला तर सुगरणीचे कौतुक होते; रुपयाचा सुटला तर ज्याच्या हातात असेल त्याची फजिती होते.

इंग्रजी जाणणारे नाणेसंग्राहक या दोषाला ‘लॅमिनेशन’ म्हणतात, आणि ज्या कोऱ्या चकतीत तो असतो तिला ‘प्लँचेट’. ते शब्द वापरायला माझी हरकत नाही. पण आपल्या स्वयंपाकघरात, भिंतींवर आणि जखमांवर याहून नेमके शब्द आहेत. पदर सुटला आहे, पण एका कडेने अजून नाण्याला धरून आहे, तो ‘पापुद्रा’. भिंतीच्या चुन्यासारखा निघून पडला आणि मागे खळगा उरला, तो ‘पोपडा’. आत हवा कोंडून वर नुसता फुगवटा आला आहे, पदर फुटलेला नाही, तो ‘फोड’. कडेपासून आत गेलेली फट ती ‘चीर’. आणि आपटून, ठेचून कडेचा तुकडा उडाला तर तो ‘टवका’. पहिले चार दोष सहसा धातूच्या पोटातले; टवका मात्र बाहेरच्या माराचा. एवढा भेद आपण पाळला तरी अर्धे वाद मिटतील.

पोपडा केव्हा पडला, ठसा उमटण्यापूर्वी की नंतर, हेही नाणे स्वतः सांगते. चकतीचा पदर ठशापूर्वीच निघून गेला असेल, तर ठसा त्या खळग्यातही उतरतो; नक्षी अंधुक असते, पण असते. पदर ठशानंतर गेला असेल, तर नक्षी पदराबरोबर जाते आणि खळग्यात उरतात त्या धातूच्या बारीक, बहुधा एकाच दिशेने गेलेल्या रेघा. आमच्या रुपयाचा अर्धा मिनार असाच गेला आहे. खळग्यात मिनार नाही, रेघा आहेत. म्हणजे रुपया टाकसाळीतून निघाला तेव्हा दिसायला पुरा होता.

हा दोष केवळ निजामाच्या टाकसाळीचा नव्हे. धातू हलका करण्याची घाई झाली की तो जगभर दिसतो. ब्रिटनने १९२० साली आपल्या नाण्यांतली चांदी हजारी ९२५ वरून ५०० वर आणली, तेव्हा नवे मिश्रण जमेपर्यंत टाकसाळीला त्रास झाला. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, पाच सेंटांचे नाणे तांबे, चांदी आणि मँगनीज यांच्या मिश्रणाचे काढले. ती नाणी पापुद्र्यांसाठी संग्राहकांत प्रसिद्धच आहेत. आपल्याकडेही १९४० पासून कलदार रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल व जस्त आले. चार धातू एकत्र नांदवणे चार भावांना एकत्र नांदवण्याइतकेच अवघड. त्या रुपयांवरही पापुद्रे आढळतात.

याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे मुलामा. आत तांबे किंवा शिसे आणि वर चांदीचा किंवा सोन्याचा पत्रा. इथे पदर सुटतो तेव्हा दोष उघडा पडत नाही, कपट उघडे पडते. हे कपट फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनाराच्या चोरीच्या युक्त्या सांगताना ‘पेटक’ नावाचा प्रकार आला आहे. शिशाच्या तुकड्यावर सोन्याचा पत्रा चढवून आतून लाखेने घट्ट बसवला तर तो ‘गाढ’ पेटक. पत्रा नुसता वेढून सैल ठेवला, उचलता येईल असा, तर तो ‘अभ्युद्धार्य’. धातूचा पदर घट्ट आहे की सुटणारा, एवढ्या भेदासाठी ज्या भाषेने दोन स्वतंत्र शब्द घडवले तिची वारस असलेली आपण माणसे आज सगळ्याला ‘डुप्लिकेट’ म्हणून मोकळी होतो! आणि ते ओळखण्याचे उपायही तिथेच दिले आहेत: तापवून पाहा, कसोटीवर घासा, आवाज ऐका, ओरखडा काढा. त्याच ग्रंथात टाकसाळीवरचा लक्षणाध्यक्ष आहे आणि नाणी तपासणारा रूपदर्शक आहे. आणि रुप्याच्या पणात चौथा हिस्सा तांबे व सोळावा हिस्सा दुसरा हलका धातू घालावा, असे राजाच्याच नियमाने सांगितले आहे. म्हणजे हीण असणे हा गुन्हा नव्हे. सांगितले त्याहून अधिक हीण असणे, किंवा हीण लपवणे, हा गुन्हा. हे सूत्र पुढच्या सर्व विवेचनात आपण ध्यानात ठेवावे.

आता माणसांकडे वळू. मराठी मुलखात नाणे पारखणारा माणूस गावगाड्याचाच भाग होता. तो पोतदार. सरकारात भरायचा पैसा त्याच्या नजरेखालून जायचा. शहरांत सराफ आणि नाणावटी हेच काम करीत. आज ही आपल्या शेजाऱ्यांची आडनावे आहेत. एके काळी ते हुद्दे होते आणि धंदे होते. गरजही मोठी होती. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात ठिकठिकाणच्या टाकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा, झीज निराळी. सराफ रुपया वाजवी, कसोटीवर घासी, कधी कडेला बारीक छेद देई, कधी आपली खूण ठोकी. जुन्या रुपयांवर अशा खुणा पुष्कळ दिसतात. त्या म्हणजे नाण्याचा दोष नव्हे. त्या परीक्षेच्या जखमा आहेत. आज कोणी तसला छेद दाखवून ‘टाकसाळीची दुर्मिळ चूक’ म्हणून जादा दाम मागू लागला तर त्याला नम्रपणे सांगावे की बाबा, ही चूक टाकसाळीची नव्हे, ही सराफाची खूण आहे.

या पारखीचे मोल बट्ट्याने वसूल होई. रुपया झिजला, बट्टा, परमुलखाचा, बट्टा, जुन्या सालाचा, बट्टा, शंका आली, बट्टा. आणि मंडळी, आपल्या भाषेतली एक गोष्ट पाहा. ‘बट्टा’ म्हणजे नाणे बदलताना कापलेली रक्कम, आणि ‘बट्टा’ म्हणजेच नावाला लागलेला डाग. ‘घराण्याच्या नावाला बट्टा लावला’ असे आपण म्हणतो. नाण्याच्या बाजारातले आणखी किती शब्द आपण माणसाला लावले आहेत! खणखणीत माणूस, बंदा रुपया, चलनी नाणे, कसोटीला उतरणे, आपलेच नाणे खोटे. बाजारात रुपया पारखला जात होता तेव्हा तो आणणारा माणूसही पारखला जात होता, याची ही भाषेतली साक्ष आहे. माझ्या आजोबांचे त्या दिवशी जे झाले ते याच साक्षीतले एक पान.

कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. तो यंत्रावरचा, म्हणून लोकांनी त्याला ‘कलदार’ म्हटले. कळ म्हणजे यंत्र. निजामाच्या राज्यात मात्र आपलाच रुपया राहिला. १८५३ साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी निरनिराळ्या टाकसाळींचा गोंधळ मोडून राजधानीच्या टाकसाळीचा ‘हाली शिक्का’ रूढ केला. ‘हाली’ म्हणजे सध्याचा, चालू. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०३ मध्ये, सैफाबादची यंत्राची टाकसाळ उभी राहिली आणि चारमिनारचा रुपया आला. ती टाकसाळ १९५० साली भारत सरकारकडे आली आणि १९९७ पर्यंत चालली; तिच्या जुन्या इमारतीत आता नाण्यांचे संग्रहालय आहे. हाली रुपया भारतीय रुपयाबरोबर काही वर्षे चालला आणि १९५९ मध्ये कायमचा निवृत्त झाला.

सात हालीला सहा कलदार हा भाव कुठून आला? सरकारी दर शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा होता. तो म्हणजे सहाला सातच. आता हिशेब करू. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यातली शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. हालीचे वजन ११.१८ ग्रॅम, कस हजारी ८१८. शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. सहा कलदारांत चांदी ६४.१ ग्रॅम, सात हालींत ६४.० ग्रॅम. म्हणजे भाव चोख चांदीचा होता. त्यात लबाडी नव्हती. आमचा हाली रुपया कलदाराहून हलका होता खरा, पण तो उघडपणे हलका होता, आणि कौटिल्याच्या न्यायाने उघड हीण म्हणजे खोट नव्हे. त्रास भावात नव्हता. बदलून घेणाऱ्याला नाणे पारखता येत नव्हते आणि बदलून देणाऱ्याला येत होते, त्रास तिथे होता. सात नाणी मोजून देणाऱ्याला त्यातले एक कोणते आहे हे ठाऊक असते. घेणाऱ्याला ते दुकानदार सांगतो.

आजी गेल्यावर डबा माझ्याकडे आला. मी रुपया घेऊन नांदेडला एका जुन्या सराफाकडे गेलो. वृद्ध गृहस्थ, त्यांनी छेद दिला नाही, आधी विचारले, “मोडायचा आहे की पारखायचा?” मी म्हटले, “पारखायचा.” त्यांनी खळगा भिंगातून पाहिला. आतला रंग वरच्याहून मळकट, पण पांढराच. तांब्याची लाली नाही. कडेची एक बारीक रेघ कसोटीवर ओढली आणि शेजारी ठाऊक असलेल्या चांगल्या हाली रुपयाची ओढली. दोन्ही रेघा सारख्या. मग वजन केले: ११.०२ ग्रॅम. मूळच्या वजनाहून कमी भरले ते १६ सेंटिग्रॅम. एवढी तूट गेलेला पदर आणि झीज यांत सहज जमा होते. शेवटी मी विनंती केली म्हणून त्यांनी रुपया दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोलला. पाण्यात ९.९४ ग्रॅम. फरक १.०८. अकरा पूर्णांक शून्य दोनला एक पूर्णांक शून्य आठने भागले की येते १०.२, हाली रुपयाच्या चांदी-तांब्याच्या मिश्रणाची घनता तेवढीच असते. आत नुसते तांबे असते तर त्या आकाराचा रुपया ९.७ ग्रॅमच्या आसपासच भरला असता.

सराफ म्हणाले, “रुपया खरा आहे. पापुद्रा सुटलाय.” खरा रुपया आणि सुटलेला पापुद्रा, ही दोन वाक्ये वेगळी म्हणणारा माणूस आजोबांना त्या दिवशी बाजारात भेटला असता तर आमच्या घरातली एक सल टळली असती.

या निकालानंतर मला एका जुन्या वचनाचा शोध लागला आणि ते मी आपल्यापुढे मुद्दाम ठेवतो. याज्ञवल्क्यस्मृतीत खोटी नाणी करणाऱ्याला दंड आहे, हे स्वाभाविकच. पण त्याला लागूनच दुसरा दंड आहे, तो नाणी पारखणाऱ्याला. जो पारखी खोट्याला खरे म्हणेल, किंवा खऱ्याला खोटे म्हणेल, त्याला उत्तम साहस, म्हणजे सर्वांत मोठा दंड. त्या स्मृतीच्या हिशेबाने १,०८० पण. या स्मृतीवरची मिताक्षरा ही थोर टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती चालुक्य विक्रमादित्याच्या काळात, कल्याणीस. ते कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण. लातूर जिल्ह्याच्या शेजारचे, १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यातले. म्हणजे खऱ्याला खोटे म्हणणे हा खोटे पाडण्याइतकाच अपराध आहे, हा विचार आपल्या अंगणात नऊशे वर्षांपूर्वी समजावून सांगितला गेला होता. दंड सांगितलेला होता. वसूल करणारे कोणी नव्हते, एवढेच.

कामगारांच्या संघटनेत उमर गेली. तिथे हेच रोज पाहतो. यंत्रातला दोष यंत्राबरोबर येतो, मालातला दोष मालाबरोबर येतो, आणि शेवटी ज्याच्या हातात वस्तू असते त्याच्या नावावर लिहिला जातो. दोष कुठे जन्मला आणि कुठे उघडा पडला, या दोन जागा वेगळ्या असतात, हे त्या रुपयाने मला शिकवले. चौकशी जन्माच्या जागेची व्हावी, एवढीच आमची बहुतेक भांडणे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. आज अशा नाण्यांना संग्राहकांत किंमत येते. लहानसा पापुद्रा किंमत घटवतो, मोठा आणि स्पष्ट असला तर कधी वाढवतो. आपल्या घरी आजीच्या डब्यात असे नाणे असेल तर ते घासू नका, चिंचेने उजळू नका, सुटता पापुद्रा ओढून पाहू नका. आधी तोला. खळग्यात नक्षी आहे की रेघा आहेत ते पाहा. आतला रंग पाहा. मगच त्याला नाव द्या. आणि शेतात नांगराला नाण्यांचे गाडगे लागले तर ते वाटून घेऊ नका, सराफाच्या मुशीतही टाकू नका. १८७८ सालच्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे त्याची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते, आणि वितळलेल्या नाण्याला कसलाच इतिहास उरत नाही.

आमचा रुपया विकण्याचा विचार एकदा घरात निघाला होता. मी नको म्हटले. डबा तोच ठेवला आहे. फक्त त्यात एक चिठ्ठी घातली आहे, पुढच्या पोरांसाठी: “हाली रुपया. वजन ११.०२ ग्रॅम. चारमिनारवर पोपडा, टाकसाळीतल्या दोषाचा. रुपया खरा. आजोबाही खरे.”